कॅपिटल रिपेअर : बेस गिटार, भिलाई आणि दुरुस्तीचा इतिहास

१

भिलाईच्या पोलाद कारखान्यात दुरुस्तीला दोन वेगळी नावे आहेत. काम न थांबवता जे सांधले-जोडले जाते ती ‘रनिंग रिपेअर’. आणि भट्टी थंड करून, आतल्या विटांचे अस्तर उकरून, नळ आणि झडपा उघड्या टाकून जे मोठे काम चालते ती ‘कॅपिटल रिपेअर’. कारखान्याच्या वसाहतीत हा शब्द हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, मराठी अशा सगळ्या घरांत सहज बोलला जातो आणि तो इंग्रजी आहे असे धरून चालले जाते. पण इंग्लंड-अमेरिकेतला इंजिनिअर या कामाला ‘ओव्हरहॉल’ म्हणेल. ‘कॅपिटल रिपेअर’ हा रशियन ‘कपितालनी रेमोंत’चा शब्दाला शब्द ठेवून केलेला इंग्रजी तर्जुमा आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. यंत्रे आली, नकाशे आले, आणि त्यांच्याबरोबर काही शब्दही उतरले. नकाशे जुने झाले, शब्द मात्र राहिला.

या शब्दाच्या पोटात दोन कामे आहेत. भट्टी एवढी उघडलीच आहे, तर ती पूर्वीसारखी करून कोणी बंद करत नाही. थंड करण्याची व्यवस्था सुधारते, भरणीची यंत्रणा बदलते, जमल्यास भट्टीचे आकारमानही वाढते. पूर्ववत करणे आणि पूर्वीपेक्षा चांगले करणे या दोन गोष्टी कारखान्याने एकाच शब्दात बसवल्या आहेत.

मराठीत त्यांची सोय वेगवेगळ्या शब्दांत आहे. डागडुजी म्हणजे वेळ निभावून नेणे. दुरुस्ती म्हणजे बिघडलेले पुन्हा चालते करणे. जीर्णोद्धार हा देवळांचा शब्द. अहिल्याबाई होळकरांनी वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर पुन्हा उभे केले त्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. तिथे दगड जसाच्या तसा राखण्यापेक्षा पूजा पुन्हा सुरू होणे मोठे असते. आणि ‘सुधारणा’ हा शब्द तर आपण समाजालाच देऊन टाकला आहे.

हे शब्द मनात घोळण्याचे कारण एक वाद्य आहे. विजेवर चालणारी बेस गिटार, तीही मोडकी : नेक वाकलेला, तारा गंजलेल्या, आवाजाचे बटण फिरवले की खरखर. अशी गिटार दुरुस्त करायला घेतली की पहिल्याच स्क्रूपाशी प्रश्न उभा राहतो. तिला होती तशी करायची, की हवी तशी करायची? जगभर या प्रश्नावर वाद आहेत. मला वाटते, या वाद्याचा इतिहास नीट पाहिला तर त्याचे उत्तर भिलाईच्या शब्दात जवळजवळ तयार आहे.

२

बेस गिटारचा जन्मच दुरुस्तीच्या दुकानातला आहे. क्लॅरन्स लिओ फेंडर हा पेशाने हिशेबनीस. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ नावाचे दुकान काढले. लोक तिथे रेडिओ, फोनोग्राफ, सभेचे लाउडस्पीकर दुरुस्तीला आणत, वादक आपले अॅम्प्लिफायर आणत. फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नसे आणि ती तो आयुष्यभर शिकलाही नाही. वाद्य वाजते कसे यापेक्षा ते बिघडते कुठे हे त्याला जास्त ठाऊक होते.

त्या काळी खालचे स्वर वाजवण्याचे काम उभ्या डबल बेसकडे असे. माणसापेक्षा उंच, गाडीत न मावणारा, आणि ब्रास-ड्रमच्या गलबल्यात ऐकू न येणारा. विजेवरच्या बेसचा प्रयत्न फेंडरच्या आधीही झाला होता. सिअॅटलच्या पॉल टुटमार्कने १९३०च्या दशकातच पडदे असलेला, आडवा धरायचा बेस करून पाहिला होता, पण तो रुजला नाही. १९५१च्या अखेरीस फेंडरचा ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आला. नावाचा अर्थ सरळ होता. मानेवर फ्रेट, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे, असल्यामुळे बोट थोडे मागेपुढे पडले तरी स्वर नेमका लागे. मोकळ्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. ती आजही बहुतेक बेस गिटारींची प्रमाण लांबी आहे.

या वाद्याची रचना दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातून आली होती. गिटारीचा नेक खाचेत बसवून सरसाने चिकटवायचा ही जुनी रीत. फेंडरने तो चार स्क्रूंनी धडावर आवळला. नेक बिघडला तर स्क्रू काढा, दुसरा लावा. आवाज कमी-जास्त करणारे पॉट रेडिओच्या धंद्यातले होते. पुढे गिऱ्हाइकाच्या पसंतीचे रंग द्यायचे ठरले तेव्हा कारखान्याने मोटारींचे रंग घेतले, ड्यूपाँट कंपनीचे ‘डको’ आणि ‘ल्यूसाइट’. आपल्याकडे स्कूटरच्या पत्र्याला फवाऱ्याने मारायच्या रंगाला सगळे ‘डको पेंट’ म्हणतात, तोच हा डको. एखाद्या ऑर्केस्ट्रावाल्याने आपला सोललेला बेस गॅरेजमध्ये नेऊन त्याला स्कूटरचा लाल रंग मारून घेतला, तर शुद्धतावादी कपाळाला हात लावतील. पण तसेच काम फुलर्टनमध्ये होत होते.

शिवाय ‘मूळ’ म्हणावे ते स्वतः फेंडरनेच स्थिर राहू दिले नाही. १९५७ मध्ये प्रिसिजनचा पिकअप बदलला. एका गुंडाळीऐवजी दोन तुकडे, एकमेकांना उलटे जोडलेले, म्हणजे विजेची गुणगुण परस्पर कटते. १९६० मध्ये दोन पिकअपचा ‘जॅझ बेस’ आला. पुढे आपली कंपनी विकून फेंडर ‘म्युझिक मॅन’कडे गेला, आणि १९७६च्या ‘स्टिंगरे’त बॅटरीवर चालणारे सर्किट वाद्याच्या पोटातच बसवले गेले. ज्याच्या नावाने ‘ओरिजनल’ची पूजा चालते, तो माणूस जन्मभर आपल्याच वाद्याची कॅपिटल रिपेअर करत होता.

३

भारतात हे वाद्य आधी मोठ्या शहरांच्या हॉटेलांत आणि मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत दिसले. गोव्याच्या वादकांनी तिथल्या वाद्यवृंदांत पाश्चात्त्य वाद्यांची बहुतेक फळी सांभाळलेली होती. राहुलदेव बर्मन यांच्या संचातले बेसवादक टोनी वाझ यांचे काम तर आपण सगळ्यांनी ऐकले आहे, नाव माहीत नसले तरी. बेसच्या नशिबी तसेच असते. लहान ट्रान्झिस्टरवर तो ऐकू येण्यापेक्षा भासतो. तो नसला की मात्र गाणे पोकळ वाटते. आपल्याकडे अनेक जण ‘बेस’ म्हणजे पाया असेच समजतात. भाषेच्या दृष्टीने ते चूक, अनुभवाच्या दृष्टीने बरोबर.

स्टुडिओतून हे वाद्य ऑर्केस्ट्रात उतरले. पुण्याच्या ‘मेलडी मेकर्स’सारख्या संचांनी सिनेमाची गाणी गावोगावच्या मंचांवर नेली, आणि गणेशोत्सवाच्या मांडवात बेस गिटार हे ओळखीचे चित्र झाले. भिलाईसारख्या, देशभरातून आलेल्या माणसांच्या सेक्टरांत विभागलेल्या वसाहतीत एकाच ऋतूत गणपती, दुर्गापूजा आणि दिवाळी असे तीन हंगाम. तिथे ऑर्केस्ट्राला काम होते. वाद्याचे मात्र वांधे होते. १९९१ पर्यंत आयातीला परवाने आणि जबर शुल्क होते. परदेशी बेस दुर्मीळ, त्याचे सुटे भाग त्याहून दुर्मीळ. तारांचा एक संच वर्षानुवर्षे चालवायचा, आवाज बसला की तारा पाण्यात उकळून त्यातला घाम आणि मळ काढायचा आणि पुन्हा चढवायच्या. हा उपाय जगभरचे बेसवादक जाणतात. आपल्याकडे तो गरजेचा होता.

उरलेली गरज कोलकात्याने भागवली. रवींद्र सरणीवरच्या वाद्यांच्या दुकानांतून देशी बनावटीच्या गिटारी देशभर जात. ‘गिवसन’, ‘गिबटोन’, ‘हॉबनर’ ही नावे पाहा. अमेरिकन ‘गिब्सन’ आणि जर्मन ‘हॉफनर’, ‘होनर’ यांची सावली त्यांवर स्पष्ट आहे. भाषांतर करणारीच्या कानाला ही नावे गंमतशीर वाटतात. हा अनुवाद म्हणता येणार नाही आणि धड लिप्यंतरही नाही. हा अपभ्रंश आहे. अपभ्रंशाला हसण्यापूर्वी आपली मराठी कुठून आली तेही आठवावे.

भिलाई या दोन वाद्यनगरांच्या मधल्या रेल्वेमार्गावर आहे. दुर्गहून हावडा साधारण पावणेनऊशे किलोमीटर, मुंबई अकराशे. म्हणजे वाद्य येण्याचा रस्ता होता, पण ते बिघडले की परत पाठवण्याइतके कोणतेच शहर जवळ नव्हते. जे करायचे ते इथेच. आणि इथे होते ते लेथवर पितळेचा तुकडा तासून देणारे टर्नर, मोटरचे वाइंडिंग करणारे, वेल्डर, पंख्याचा कपॅसिटर डोळे मिटून बदलणारे इलेक्ट्रिशियन. ज्या गावाची उपजीविकाच यंत्रे चालती ठेवण्यावर उभी आहे, त्या गावात गिटारीचा ब्रिज हा एक छोटासा यंत्रभागच असतो.

धातूच्या कारागिराने वाद्याला हात लावावा याला आपल्याकडे मोठा पूर्वाधार आहे. मिरजेचे सतारमेकर मुळात शिकलगार, शस्त्रांना धार-पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे काम आटले तेव्हा हे हात तंबोऱ्यांच्या दुरुस्तीकडे आणि तिथून निर्मितीकडे वळले. या परंपरेच्या आरंभी फरीदसाहेबांचे नाव घेतले जाते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुरुस्तीतून सुरू झालेला धंदा दीडशे वर्षांनी ‘अस्सल’ ठरला. आणि त्याच मिरजेत जवारी काढणे हे रोजचे काम आहे. तारेच्या घर्षणाने घोडीवर चर पडतात, कारागीर कानसेने तो पृष्ठभाग पुन्हा तासतो, गायकाला हवा तसा आवाज खुला किंवा बंद करून देतो. ती जवारी ‘मूळ’ आहे का असे कोणी विचारत नाही. ती आज बोलते का, एवढेच विचारतात.

४

आता वाद्य टेबलावर घेऊ. प्रश्न तत्त्वाचा असला तरी तो लाकूड-लोखंडात सुटतो.

पहिला नेक. चार जाड तारा मिळून त्याला साधारण ७५ ते ८० किलोच्या ओढीने अहोरात्र खेचत असतात. त्याला तोल म्हणून नेकच्या आत पोलादी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यूच्या नावावर तिचे १९२३चे पेटंट आहे. भिलाईचा मे महिना लाकूड सुकवतो, जुलै-ऑगस्ट ते फुगवतो. वर्षानुवर्षांच्या या श्वासोच्छ्वासात नेक धनुष्यासारखा वाकतो आणि पडद्यांची टोके कडेला बोटाला टोचू लागतात. आधी तारा सैल करायच्या, मग सळईचा नट एका वेळी पाव फेऱ्याने फिरवायचा आणि दर खेपेला लाकडाला सावरायला वेळ द्यायचा. हे निव्वळ पूर्ववत करणे आहे, इथे वादाला जागा नाही.

दुसरे पडदे. ज्या ठिकाणी बोट जास्त पडले तिथे खळगे पडतात. पडद्यांच्या माथ्यावर शाई लावून सपाट कानसपट्टी फिरवली की कोणते उंच, कोणते झिजलेले ते शाई सांगते. सगळे समपातळीत आणून माथे पुन्हा गोल करायचे. झिजलेले पडदे हा वादकाचा हस्ताक्षरासारखा पुरावा असतो. तो माणूस कोणत्या पट्टीत जास्त वाजवत होता हे त्या खळग्यांवरून वाचता येते. पडदे घासले की वाद्य सुधारते आणि तो पुरावा पुसला जातो. खरा पेच इथे सुरू होतो.

तिसरी वीज. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. आत कुठे गंज चढून तार तुटली की मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. मग दोन वाटा. वाइंडिंगच्या दुकानातून एनॅमल चढवलेली तार आणून तोच पिकअप पुन्हा गुंडाळायचा, किंवा नवा, जास्त दमदार पिकअप बसवायचा. खरखरणारे पॉट साफ होतात किंवा बदलतात. पोटाच्या खाचांना तांब्याच्या पत्र्याचे अस्तर लावून ते अर्थिंगला जोडले की गुणगुण कमी होते. या गुणगुणीची एक मजा आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी लागणारा खालचा ‘जी’ ४९ आवर्तनांचा. म्हणजे भारतातली वीज किंचित चढ्या ‘जी’मध्ये गुणगुणते. अमेरिकेत ६० आवर्तने आहेत, तिथली गुणगुण दुसऱ्या स्वराजवळ पडते. बेस गिटार भारतात आली तेव्हा तिची पार्श्वभूमीच वेगळ्या सुरात लागलेली होती.

चौथे लोखंड. खुंट्या, ब्रिज, त्यावरच्या बारीक खोगिरांचे स्क्रू. गंजलेले स्क्रू आधी तेलात भिजवून सोडवायचे, जोर लावला तर डोके तुटते. इथे नवा भाग बसवण्याचा मोह मोठा असतो, कारण नवा ब्रिज जड, पक्का, आणि स्वर नीट मिळवून देणारा. शेवटी रंग, ज्याचे आधी बोललोच.

थोडक्यात, दुरुस्तीच्या पाच ठिकाणांपैकी एक-दोन ठिकाणीच ‘होते तसे’ करणे शक्य असते. बाकी ठिकाणी निवड करावी लागते, आणि प्रत्येक निवडीत वाद्याचा थोडा इतिहास जातो किंवा थोडा आवाज.

५

या निवडीचे दोन टोकांचे दाखले जगाला माहीत आहेत.

अमेरिकन वादक जॅको पास्टोरियसचा १९६२चा जॅझ बेस. त्याचे पडदे उपटून टाकलेले होते, खाचा भरलेल्या होत्या, आणि तारांनी लाकूड खाऊ नये म्हणून पट्टीवर बोटींना लावतात तसा इपॉक्सीचा थर चढवलेला होता. संग्राहकाच्या दृष्टीने हा वाद्याचा खूनच. पण बेस गिटार मानवी गळ्यासारखी मींड घेऊ शकते हे जगाने त्या विद्रूप पट्टीवरच ऐकले. १९८६ मध्ये त्या बेसचे अक्षरशः तुकडे झाले. केव्हिन कॉफमन आणि जिम हॅमिल्टन या कारागिरांनी ते तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला, आणि थोड्याच दिवसांत तो चोरीला गेला. १९८७ मध्ये जॅको गेला. बेस वीसएक वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये सापडला, आणि २०१० मध्ये ‘मेटॅलिका’च्या रॉबर्ट ट्रुहियोच्या मदतीने कुटुंबाच्या हक्काचा प्रश्न मिटला. त्या बेसवर आज फेंडरचे असे काय उरले आहे? आणि जॅकोचे काय नाही?

दुसरा पॉल मॅकार्टनीचा हॉफनर. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला, व्हायोलिनच्या आकाराचा. १९६४ मध्ये त्याला नवा रंग दिला गेला आणि दोन्ही पिकअप नव्या लाकडी चौकटीत बसवले गेले. १९७२ मध्ये तो लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेला आणि इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडला. २०२४च्या फेब्रुवारीत ही बातमी जगभर झाली. सारख्याच बनावटीच्या वाद्यांतून हेच ते वाद्य असे ओळखायचे, तर त्या १९६४च्या फेरफाराच्या खुणांवर बोट ठेवावे लागते. कारखान्यातून बाहेर पडताना सगळे बेस जुळ्या भावंडांसारखे असतात. त्यांना वेगळे चेहरे दुरुस्तीने येतात.

जुन्या वाद्यांचा बाजार याच्या नेमका उलट चालतो. एक सोल्डरचा टाका जरी नंतरचा निघाला, रंग पुन्हा मारलेला निघाला, तरी किंमत घसरते. बाजाराला वाद्य जन्मले त्या दिवशीचे हवे असते. त्यानंतर ते जगले, हा बाजाराच्या लेखी दोष.

६

मूळ कोणते आणि भर कोणती, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याला शास्त्रीय शिस्त दिली, १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली, आणि १९६६ मध्ये मुख्य संहिता पुरी झाली. मागाहून घुसलेला भाग त्यांनी संहितेतून निर्दयपणे वेगळा केला. व्यासांचा लेखकू म्हणून गणपती बसला ही आपल्या सगळ्यांची लाडकी कथाही त्यातून सुटली नाही. पण ती फेकली मात्र नाही. परिशिष्टात ठेवली, कोणत्या पोथीत ती कशी येते याच्या नोंदीसकट. आवृत्तीचे पानच असे मांडलेले आहे की वर निवडलेला पाठ आणि खाली नाकारलेले सगळे पाठ.

तेच महाभारत भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या तीजनबाईंच्या पंडवानीत दुसऱ्या प्रकृतीने उभे राहते. त्यांची कापालिक शैली पोथीला बांधलेली नाही. हातातला तंबूरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या या गायिकेला २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या महाभारताला चिकित्सक आवृत्तीत जागा नाही, आणि ते अडतही नाही. प्रयोगात कथा त्या रात्री उभी राहिली पाहिजे, एवढीच अट.

वाद्याची दुरुस्ती करणाऱ्याला या दोन्हींची गरज आहे. मंचावर जायचे वाद्य तीजनबाईंच्या तंबूऱ्यासारखे आज बोलले पाहिजे. मोडका पिकअप ‘मूळचा आहे’ म्हणून तसाच ठेवून गिटार काचेच्या कपाटात टांगणे हा त्या वाद्यावर अन्याय आहे, विशेषतः ज्याला संग्रहालय कधीच विचारणार नाही अशा कोलकात्याच्या साध्या बेसवर. पण बदलताना जुने पुसून टाकणेही तितकेच वाईट. आपल्याकडच्या या वाद्यांची कागदपत्रे फारशी नसतात. त्यांचा इतिहास असलाच तर तो त्यांच्या अंगावर असतो : टर्नरने तासलेले पितळेचे खोगीर, पंख्याचा कपॅसिटर बसवलेली वायर, मांडवातल्या धुळीचा थर, स्कूटरचा लाल रंग आणि त्याखाली दिसणारा आधीचा रंग. आज सुटे भाग चार दिवसांत घरपोच येतात. त्यामुळे ज्या खुणा वीस वर्षे टंचाईने राखल्या, त्या एका दुपारच्या ‘अपग्रेड’मध्ये कचऱ्याच्या टोपलीत जाऊ शकतात. त्या गेल्या की वसाहतीच्या संगीताचा एक पुरावा गेला, आणि तो दुसरीकडे कुठे नोंदवलेला नाही.

भाषांतर करणाऱ्याला हा पेच रोजचा असतो. जुन्या संहितेतला शब्द आज बोलत नसेल तर तो बदलावा लागतो. बदलला हे लपवले की मात्र वाचकाची फसवणूक होते. तेव्हा नियम साधा आहे : बदल करावा, पण तो उलटवता येईल असा करावा, आणि नोंदवावा. नवा पिकअप जुन्याच भोकांत बसेल असा निवडावा, लाकूड कोरू नये. झिजलेले पडदे घासण्यापूर्वी जवळून फोटो काढून ठेवावेत. काढलेला प्रत्येक भाग, अगदी गंजका स्क्रूसुद्धा, एका डब्यात घालून वाद्याच्या केसमध्ये ठेवावा. तो डबा म्हणजे त्या वाद्याचे परिशिष्ट.

७

भिलाईच्या कारखान्यात १९५९च्या भट्टीपासून २०१८ मध्ये सुरू झालेल्या ४०६० घनमीटरच्या ‘महामाया’पर्यंत बरीच मजल आहे. मधल्या काळात जुन्या भट्ट्या पुन्हा पुन्हा उघडल्या, अस्तरे बदलली, आणि त्या तेच क्रमांक घेऊन चालत राहिल्या. विटा नव्या म्हणून भट्टी खोटी झाली असे कोणी म्हटले नाही. कारण कॅपिटल रिपेअरला नकाशा असतो, तारीख असते, काय काढले आणि काय घातले याची नोंद असते. नोंद आहे तोवर बदललेली वस्तूही तीच राहते.

फेंडरच्या कारखान्यात नेक तयार झाला की कामगार त्याच्या बुडाशी, धडात झाकल्या जाणाऱ्या भागावर, पेन्सिलीने किंवा शिक्क्याने तारीख घालत. बाहेरून ती दिसत नाही. चार स्क्रू काढणाऱ्यालाच ती दिसते, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला. आपल्या बहुतेक देशी बेसवर ही जागा कोरीच सापडते. कोणी बेस कॅपिटल रिपेअरला घेतला असेल, तर नेक पुन्हा आवळण्याआधी त्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने तारीख, गावाचे नाव आणि काय बदलले ते लिहावे. पुढच्या वेळी ते स्क्रू जो कोणी काढील, त्याला वाचायला काहीतरी मिळेल.